वालाचे स्फटिक

१९५५ साली लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकात दोन पानांत मावेल एवढा एक शोधलेख छापून आला. लेखकांची नावं के. सोहोनी आणि के. एस. आंबे; पत्ता मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा. वाल आणि डबल बीन या दोन कडधान्यांमधून त्यांनी एक विशिष्ट प्रथिन वेगळं काढलं होतं, आणि ते इतकं शुद्ध केलं होतं की त्याचे स्फटिक मिळाले. हे प्रथिन ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवतं, म्हणजे खाल्लेली प्रथिनं नीट पचू देत नाही. सोयाबीनमधला असाच अडसर त्याआधी दहाएक वर्षं अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी स्फटिकरूपात मिळवला होता. त्यांच्या पाठीशी रॉकफेलर इन्स्टिट्यूटसारखी श्रीमंत संस्था होती. मुंबईतलं काम झालं ते नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या एका सरकारी विज्ञानसंस्थेत, आणि कोकणात भात कापल्यावर उरल्यासुरल्या ओलीवर पिकणाऱ्या वालावर.

यातल्या ‘के. सोहोनी’ म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. नाव पुष्कळांना ठाऊक असतं. २०२३ मध्ये त्यांच्या ११२व्या जन्मदिनी गूगलने त्यांचं डूडलही केलं. पण त्यांच्याविषयी जे सांगितलं जातं ते बहुतेक एकाच प्रसंगापाशी येऊन थांबतं: सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि तिने सत्याग्रह करून तो मिळवला. प्रसंग खरा आहे आणि सांगायलाच हवा. मात्र तो मिळवलेला प्रवेश घेऊन पुढची तीसेक वर्षं या बाईंनी काय केलं, हे विचारलं तर उत्तर येत नाही. त्यांनी मटकी, वाल, ताडाची नीरा या गोरगरिबांच्या अन्नाला जीवरसायनाच्या सर्वोत्तम कसोट्या लावल्या. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण तिथे आहे.

कमलाचा जन्म १८ जून १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. थोरली बहीण दुर्गा. पुढे साहित्यात आणि आणीबाणीच्या काळात जिचा आवाज महाराष्ट्राने ऐकला त्या दुर्गाबाई भागवत. घरात पुस्तकांइतकाच प्रयोगशाळेचाही विषय निघत असणार. १९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन, पहिल्या क्रमांकाने. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढे संशोधन करायचं, हे तिच्या मनात आधीच ठरलेलं होतं. तिने अर्ज केला.

संस्थेचे संचालक त्याच वर्षी बदलले होते. पहिले भारतीय संचालक म्हणून रामन आले होते आणि तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल मिळालं होतं. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. कमला बंगलोरला गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. गांधींच्या चळवळीत वाढलेल्या पिढीला सत्याग्रह ही गोष्ट शिकवावी लागत नव्हती. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावं लागेल; आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. या शेवटच्या अटीतला अपमान तिला पुरता कळला. तरी तिने त्या मान्य केल्या, कारण तिला काम करायचं होतं. वर्षाने रामन यांनी तिचा प्रवेश नियमित केला आणि त्यानंतर इतर मुलींनाही संस्थेचं दार उघडलं. कमलाबाई मात्र हे विसरल्या नाहीत. उतारवयात झालेल्या एका सत्कारात त्यांनी ही कटुता जाहीरपणे बोलून दाखवली: रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण केवळ स्त्री म्हणून त्यांनी आपल्याला जसं वागवलं ते विसरणं शक्य नाही. नोबेल मिळवणारा माणूसच असा वागतो तर बाकीच्यांकडून काय अपेक्षा करायची, हा त्यांचा सवाल होता.

मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण होतकरू विद्यार्थ्याला हातचं काही न राखता शिकवणारे. त्यांच्याकडे कमलाने जे विषय घेतले ते त्या काळाच्या जीवरसायनात झगमगाटाचे नव्हते: दुधातली प्रथिनं आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं. १९३५ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये भागवत आणि श्रीनिवासय्या यांचा डाळींमधल्या प्रथिनेतर नायट्रोजनवरचा लेख आला. मथळा वाचून कुणी पान उलटेल, पण प्रश्न फार कळीचा होता.

अन्नात प्रथिन किती आहे हे मोजण्याची तेव्हाची सर्वमान्य रीत म्हणजे केल्डाल पद्धत. आजही ती वापरात आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ती बसवली. डाळीचं पीठ नेमकं तोलून लांब मानेच्या काचेच्या चंबूत घालायचं, त्यावर तीव्र गंधकाम्ल ओतून ते उकळत ठेवायचं. पीठ आधी काळंकुट्ट पडतं, फेस येतो, उग्र वाफा निघतात. तासन्‌तास उकळल्यावर तो काळा द्रव निवळत निवळत स्वच्छ होतो. आता पिठातला सगळा नायट्रोजन त्यात उतरलेला असतो. मग त्यात अल्कली घालून अमोनिया मोकळा करायचा, तो दुसऱ्या भांड्यातल्या आम्लात पकडायचा आणि ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडत त्याचं मोजमाप करायचं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिनाचा आकडा हाती येतो.

हा गुणाकार एका गृहीतावर उभा आहे: पिठातला सगळा नायट्रोजन प्रथिनांतच आहे. तो तसा नसतो. सुट्या अमिनो आम्लांत, अमाइडांत आणि इतर लहानसहान संयुगांतही थोडा असतो. तो प्रथिनात धरला तर कागदावर डाळ आहे त्याहून पौष्टिक दिसते. ज्याच्या ताटात दूध आहे, मासळी आहे, त्याला या फरकाने काही बिघडत नाही. ज्याचं प्रथिन डाळीच्या वाटीतूनच यायचं, त्याच्या मुलांचा हिशेब मात्र चुकतो. १९३०च्या दशकात हिंदुस्थानातल्या अन्नाची मोजदाद नुकती सुरू झाली होती. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉइड यांची भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका १९३७ मध्ये निघाली. अशा तक्त्यांचा पाया किती पक्का, हे डाळीतला नायट्रोजन कुठून येतो यावर ठरत होतं. एक तरुण मुलगी बंगलोरमध्ये तोच पाया तपासत होती.

याच काळात तिने मटकीवरही काम केलं. इंग्रजीत ‘अकोनाइट बीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कडधान्यातल्या ग्लोब्युलिन प्रथिनांवरचा तिचा लेख संस्थेच्या नियतकालिकात १९३५ मध्येच आला. ग्लोब्युलिनं साध्या पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मिठाच्या पाण्यात विरघळतात. म्हणून पीठ मिठाच्या पाण्यात ढवळायचं, गाळायचं आणि त्या गाळलेल्या पाण्यातलं मीठ कमी करत न्यायचं. मीठ पुरेसं उतरलं की प्रथिन पांढऱ्या साक्याच्या रूपात तळाशी बसतं. वनस्पतींतल्या प्रथिनांची अशी विद्राव्यतेवरून वर्गवारी अमेरिकेत टॉमस ऑसबोर्न यांनी केली होती, पण ती प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत पिकणाऱ्या धान्यांवर. मटकी ही राजस्थानच्या वाळूत आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू रानात, पावसाने दगा दिला तरी तग धरणारी. तिच्याकडे या नजरेने पाहायला कुणाला फुरसत नव्हती. या कामावर १९३६ मध्ये कमलाला मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली, विशेष प्रावीण्यासह.

पुढे शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि डिसेंबर १९३७ मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा तेव्हा जगातल्या पहिल्या काहींपैकी होती. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं होतं. बंगलोरच्या अनुभवानंतर इथला मोकळेपणा तिला किती जाणवला असेल! हॉपकिन्स यांच्याकडे स्त्रिया बरोबरीने संशोधन करत होत्या. केंब्रिज विद्यापीठाने मात्र स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं, हेही इथे नोंदवायला हवं. प्रयोगशाळेत जागेची इतकी टंचाई की डेरेक रिक्टर यांनी तिला आपलं टेबल दिवसा वापरायला दिलं. रात्री ते त्यावरच झोपायचे. रिक्टर यांच्यासोबत तिने प्राण्यांच्या पेशींतल्या एन्झाइमांवर काम केलं. ते गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींकडे वळली.

बटाट्यावरचं तिचं काम इथलं. डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच वर्णपटदर्शकातून पाहून सायटोक्रोम ही रंगीत प्रथिनं ओळखली होती. प्राण्यांच्या पेशीत प्राणवायू वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करण्याच्या साखळीतला हा दुवा. उच्च वनस्पतींत ही साखळी तशीच चालते का, हा प्रश्न होता. वनस्पतींच्या ऊतींवर असं काम करणं अवघड, कारण चिरलेला बटाटा काळा पडतो तेव्हा दुसरीच एन्झाइमं काम करत असतात आणि ती सगळा मामला गढूळ करतात. भागवत-हिल यांनी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर टिपण छापलं. वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतो, श्वसनाची मूळ यंत्रणा वनस्पती आणि प्राणी यांच्यात सारखी आहे, हे तिच्या प्रबंधाचं सार. प्रबंध अवघा ४० पानांचा. केंब्रिजने त्यावर तिला पीएच.डी. दिली.

युरोपात युद्धाचं वारं घोंघावत होतं आणि तिकडे राहण्याची संधीही होती. ती १९३९ मध्ये परत आली. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाची प्रमुख झाली, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केलं. ती वर्षं बंगालच्या दुष्काळाची आणि शहरांतल्या रेशनिंगची होती. भुकेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला त्या वर्षांनी काय दाखवलं असेल ते वेगळं सांगायला नको. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न करून कमलाबाई मुंबईत आल्या, आणि १९४९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. काळ्या घोड्याजवळच्या, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या त्या दगडी इमारतीत आता खरं काम सुरू झालं.

विद्यार्थी हाताशी होते, पैसा बेताचा, उपकरणं मोजकी. विषय त्यांनी निवडले ते आजूबाजूच्या बाजारातून. भांडारकर यांच्यासोबत भाज्या आणि डाळींमधले ट्रिप्सिन-रोधक शोधण्याची मालिका १९५४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्याच शोधातून वाल पुढे आला.

ट्रिप्सिन स्वादुपिंडातून लहान आतड्यात येतं आणि प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या ठरावीक जागी तोडतं. कडधान्यातलं हे रोधक प्रथिन नेमकं ट्रिप्सिनच्या कामाच्या जागीच जाऊन बसतं, कुलपात भलतीच किल्ली घुसून अडकावी तसं. ट्रिप्सिनला वाटतं तोडायला प्रथिन आलंय. ते त्याला धरतं, पण तोडू शकत नाही आणि सोडूही शकत नाही. अडकलेल्या ट्रिप्सिनची भरपाई करायला स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन बनवतं. उंदरांना असं कच्चं अन्न सतत दिलं तर त्यांचं स्वादुपिंड मोठं होतं आणि वाढ खुंटते. याचा पहिला धागा ऑसबोर्न आणि मेंडेल यांच्या १९१७ च्या प्रयोगात सापडतो: कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढेनात, शिजवलेल्यावर वाढू लागले.

रोधक आहे हे कळणं सोपं. केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, ट्रिप्सिनसोबत ठेवून किती पचतं ते मोजायचं. मग त्यात वालाचा अर्क घालून पुन्हा मोजायचं. पचन घटलं की अर्कात अडसर आहे. कठीण आहे तो अडसर वालातल्या बाकी शेकडो प्रथिनांतून वेगळा काढणं. प्रत्येक टप्प्यावर अर्काचे भाग करायचे, प्रत्येक भागाची ताकद पुन्हा तपासायची, निकामी भाग टाकायचा, उपयोगी भाग पुढे न्यायचा. प्रथिनं वेगळी करणारे आजच्यासारखे यंत्राने चालणारे स्तंभ तेव्हा कुठल्या साध्या प्रयोगशाळेत नव्हते. हाती होती क्षारांची द्रावणं, गाळणकागद, थंड खोली आणि चिकाटी. प्रथिन शुद्ध झाल्याचा त्या काळचा मोठा पुरावा म्हणजे स्फटिक. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज एन्झाइम स्फटिकरूपात काढलं होतं आणि त्याबद्दल त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं होतं. सोहोनी-आंबे यांच्या भांड्याच्या तळाशी वालातून आलेले स्फटिक दिसले त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं.

आता स्वयंपाकघराकडे वळतो, कारण वालाची गोष्ट तिथे आधी घडलेली आहे. ठाणे, रायगड या पट्ट्यात कडवे वाल आणले की ते रात्रभर भिजत घालतात, पाणी बदलतात, फडक्यात बांधून मोड आणतात. मोड आले की पुन्हा पाण्यात घालून एकेक दाणा बोटांनी दाबून सोलतात. साल सुटते आणि आतली डाळिंबी बाहेर येते. श्रावणी सोमवारी सीकेपींच्या घरी बिरडं करायचं म्हणजे आदल्या दिवशी सोलायला घरातल्या सगळ्यांना बसवतात. मग ओलं खोबरं, आमसूल, गूळ घालून ते मऊ शिजवतात. कच्चा वाल कुणी खात नाही. या प्रत्येक पायरीला आज शास्त्रीय अर्थ लावता येतो. भिजवलेल्या पाण्यासोबत विद्राव्य द्रव्यांचा काही भाग निघून जातो, सालीसोबत टॅनिनं जातात, मोड येताना दाणा स्वतःची साठवण मोडायला लागतो आणि उष्णतेने रोधक प्रथिन बरंचसं निकामी होतं.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. मोड आणले की सगळं पौष्टिक झालं, कच्चे मोड खाल्ले तर अधिकच उत्तम, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मूग-मटकीच्या बाबतीत ते फारसं नडत नाही. वालाच्या बाबतीत मुख्य काम चुलीचं आहे. कमलाबाईंच्याच प्रयोगशाळेने ते दुसऱ्या वाटेने दाखवलं. साळगरकर यांच्यासोबत त्यांनी वालातून हिमॅग्लुटिनिन, म्हणजे रक्तपेशींच्या गुठळ्या बांधणारी प्रथिनं, वेगळी केली. १९६५ मध्ये यावरचे लेख आले. ही शुद्ध केलेली प्रथिनं अन्नात मिसळून दिली तेव्हा उंदरांची वाढ खुंटली. अशी प्रथिनं नीट उकळल्यावर निकामी होतात, अर्धवट शिजवल्यावर नाही. त्याआधी फडके यांच्यासोबत त्यांनी वालाच्या प्रथिनांचं पोषणमूल्यही तपासलं होतं. म्हणजे एकच दाणा घेऊन त्यात उपयोगी काय, अपायकारक काय आणि अपाय कशाने जातो, हा सगळा हिशेब एकाच विभागात मांडला गेला. एखाद्या पदार्थाचे नुसते गुण गाण्याच्या आजच्या सवयीपेक्षा हे फार वेगळं आणि फार प्रामाणिक काम होतं.

दाणा हे रोधक बाळगतो कशासाठी, याचं उत्तर पुढे मिळालं. १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किडीने कुरतडलेल्या टोमॅटो-बटाट्याच्या पानांत असे रोधक वाढतात. कीड खाते, पण तिला पचत नाही. वालातला रोधक ज्या कुळातला आहे, त्या बोमन-बर्क कुळातल्या सोयाबीनच्या रोधकावर कर्करोगाला आळा घालण्याच्या शक्यतेसाठी वर्षानुवर्षं संशोधन झालं. २०२० मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी वालातलंच शर्करेला धरणारं एक प्रथिन फ्लूच्या आणि कोविडच्या विषाणूंना प्रयोगात अडवतं, असं प्रसिद्ध केलं. यावरून कुणी बिरडं खाऊन कोविड टाळायचा विचार करू नये. शिजवल्यावर प्रथिनांची घडी मोडते आणि परीक्षानळी ते ताट हे अंतर मोठं असतं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की १९५०-६०च्या दशकांत ज्या प्रथिनांना फक्त ‘पोषणविरोधी’ म्हटलं जाई, ती आता औषधाच्या शक्यतेने तपासली जात आहेत, आणि वाल अजूनही त्या यादीत आहे.

नीरेचं काम वेगळ्या दडपणाखाली आलं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. किनाऱ्यावर ताड-माडांवर चढणारे भंडारी आणि त्यांच्यासारखे कष्टकरी यांचं पोट ताडीवर होतं. गांधीवादी कार्यकर्त्यांनी पर्याय पुढे केला: रस ताजा असताना, आंबण्याआधी, नीरा म्हणून विकावा किंवा आटवून ताडगूळ करावा. रात्रभर मडक्यात जमलेला हा रस पहाटे गोड, नितळ असतो. ऊन चढलं की त्यातल्या किण्वांनी तो फसफसतो आणि ताडी होते. म्हणून मडकं आतून चुन्याने लिंपतात आणि सूर्य वर यायच्या आत उतरवतात. मुंबईच्या रस्त्यांवर नीरा केंद्रं दिसू लागली. पण या पेयात साखरेपलीकडे काही आहे का, हे कुणी नीट तपासलेलं नव्हतं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ते काम सुचवलं आणि कमलाबाईंनी ते घेतलं.

त्यांच्या विभागाने नीरेत लोह आणि जीवनसत्त्वं, विशेषतः क जीवनसत्त्व, असल्याचं दाखवलं. आणि आटवून गूळ किंवा काकवी केली तरी त्यातली काही टिकतात हेही. पुढे आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायांच्या रोजच्या आहारात नीरा घालून पाहिली तेव्हा त्यांच्या तब्येतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आजच्या नीरेच्या जाहिराती ज्या तऱ्हेने मधुमेह्यांनाही ती खुशाल प्यायला सांगतात, त्याला या संशोधनात आधार सापडत नाही. नीरेत साखर भरपूर असते. ज्यांच्या पोटात पुरेसं अन्नच जात नव्हतं, त्यांना हाताशी असलेल्या झाडातून काय मिळू शकेल, हा कमलाबाईंचा प्रश्न होता आणि त्यांचं उत्तर त्या माणसांपुरतं होतं.

याच वर्षांत धानाच्या पिठावरही त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं, आणि आरे दूध योजनेला दूध नासू नये यासाठी त्यांनी सल्ला दिला. संस्थेच्या संचालकपदावर मात्र त्यांचा हक्क असूनही अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षं त्यांना ते मिळू दिलं नाही. अखेर त्या संचालक झाल्या. केंब्रिजला ज्यांच्या टेबलावर त्यांनी काम केलं होतं त्या रिक्टर यांनी, एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली स्त्री संचालक होऊन तुम्ही इतिहास घडवलात, या शब्दांत त्यांचं कौतुक केलं.

त्यांचं लक्ष दुकानाच्या काउंटरकडेही गेलं. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. कमलाबाई तिच्या संस्थापकांपैकी. अन्नभेसळीविरुद्धचा केंद्रीय कायदा १९५४ पासून होता, पण हळदीत रंग आहे की नाही हे पाहायला गृहिणीने सरकारी प्रयोगशाळेत जायचं का? त्यांनी घरच्या घरी भेसळ ओळखता येईल अशी साधनपेटी तयार केली. ज्यांनी आयुष्यभर मायक्रोग्रॅमात हिशेब केला, त्यांनी परीक्षानळी आणि चार रसायनं देऊन तीच कसोटी सामान्य बाईच्या हातात दिली. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल सतत लिहीत होत्या. आहारावर त्यांनी मराठीतूनही लिहिलं. तिकडे दुर्गाबाईंनी ‘खमंग’ हे स्वयंपाकावरचं पुस्तक लिहिलं, म्हणजे भागवतांच्या घरातल्या दोन बहिणींनी एकच चूल दोन बाजूंनी पाहिली.

राष्ट्रपती पुरस्कार सोडला तर राष्ट्रीय पातळीवरची दाद त्यांना फार उशिरा मिळाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या कानावर त्यांचं कार्य आलं आणि त्यांनी दिल्लीत कमलाबाईंचा मोठा सत्कार घडवून आणला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचं निधन झालं.